अंधांसाठी की अंधांची? राज्यव्यापी अंध-संघटनेच्या कार्यपद्धतीची चिकित्सा : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

अंध व्यक्तींच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थांविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुधा गौरवपर असते. संस्थेची स्थापना, संस्थापकांचा त्याग, देणगीदारांचे औदार्य आणि लाभार्थ्यांची संख्या या चार गोष्टी सांगितल्या की लेख पूर्ण होतो. संस्थेचे निर्णय कोण घेते, तिचे सभासद कोण आहेत आणि राजधानीपासून दूरच्या तालुक्यातील अंध व्यक्तीला तिच्या कारभारात कोणते स्थान आहे, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात राज्यव्यापी अंध-संघटना या संस्थारूपाची चिकित्सा करण्यात आली असून, त्यासाठी मराठवाड्यातील जालना जिल्हा संदर्भ म्हणून घेतला आहे. संघटनेचे राज्यव्यापीपण तिच्या मुख्यालयात ठरत नाही; ते जिल्ह्याच्या ठिकाणी, शासनाची वैधानिक जबाबदारी पार पाडून घेण्याच्या तिच्या क्षमतेवर ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

1. दोन नावे, दोन भूमिका

भारतातील अंध-चळवळीचा इतिहास दोन संस्थांच्या नावांतूनच वाचता येतो. 1952 मध्ये मुंबईत ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ (नॅब) स्थापन झाली. 1970 मध्ये अंध पदवीधरांच्या पुढाकारातून जी संघटना उभी राहिली, ती पुढे ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ म्हणून ओळखली गेली. एका नावात ‘फॉर’ आहे, दुसऱ्यात ‘ऑफ’. मराठीत हा भेद ‘अंधांसाठी’ आणि ‘अंधांची’ असा होतो. पहिल्या रूपात अंध व्यक्ती ही कार्याचे प्रयोजन असते. दुसऱ्या रूपात ती संस्थेची स्वामी असते.

हा भेद भारतापुरता नाही. अमेरिकेत 1940 मध्ये जेकोबस टेनब्रुक या अंध विधिज्ञाच्या नेतृत्वाखाली विविध राज्यांतील अंधांच्या संघटनांचा महासंघ स्थापन झाला, तो याच भूमिकेतून. 1984 मध्ये ‘वर्ल्ड ब्लाइंड युनियन’ ही जागतिक संघटना निर्माण झाली, तीही या दोन प्रवाहांच्या एकत्रीकरणातून. 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारनाम्याने धोरण ठरविताना दिव्यांगांच्या प्रातिनिधिक संघटनांशी विचारविनिमय करणे राष्ट्रांवर बंधनकारक केले. भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी त्यास अनुसमर्थन दिले.

तथापि हा भेद यांत्रिकपणे लावणे अन्यायाचे ठरेल. ब्रेल मुद्रण, ध्वनिमुद्रित पुस्तके आणि व्यवसाय प्रशिक्षण यांचा पाया ‘नॅब’सारख्या संस्थांनी घातला, तेव्हा शासनाकडे यांपैकी फारसे काही नव्हते. उलट, ‘फेडरेशन’च्या महाराष्ट्र शाखेनेही आळंदी येथे अंध मुलींची शाळा चालविली आहे. म्हणजे सेवा करणारी संस्था गौण आणि हक्क मागणारी श्रेष्ठ, अशी वाटणी करता येत नाही. सेवेचे काम संस्थेच्या मूळ कामावर केव्हा मात करते, हा खरा प्रश्न आहे.

2. संस्थेची रूढ प्रतिमा

मराठी सुशिक्षित वर्गाच्या मनात अंधांची संस्था म्हणजे निवासी शाळा, ही प्रतिमा दृढ आहे. सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’ (1980) या हिंदी चित्रपटाने या प्रतिमेला महत्त्वाचा छेद दिला. अंध शाळेचा प्राचार्य स्वतः अंध आहे. त्याला दया नको आहे, आणि सेवा करण्यासाठी आलेल्या डोळस स्त्रीला आपल्या दातृत्वाचा अर्थ नव्याने तपासावा लागतो. दाता आणि याचक यांच्या नात्याची इतकी सूक्ष्म चिकित्सा करणारी कलाकृती त्या काळात विरळाच होती.

परंतु या चित्रपटाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. त्यातील संघर्ष प्रामुख्याने शाळेच्या आवारात आणि दोन व्यक्तींच्या मनात घडतो. शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या मुलाला नोकरी कोण देणार, त्याला मतपत्रिका कोण वाचून दाखविणार, हे प्रश्न कथेच्या कक्षेत येत नाहीत. 1980 मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा सर्वंकष कायदाच अस्तित्वात नव्हता, हे त्याचे एक कारण मानता येईल. आज कायदा आहे. तरी संस्थेची प्रतिमा अद्याप शाळेच्या आवारातच अडकलेली आहे. वर्धापनदिनाचा कार्यक्रम, मुलांचे गायन, पाहुण्यांच्या हस्ते पांढऱ्या काठ्यांचे वाटप आणि वृत्तपत्रातील छायाचित्र यांतून संस्थेला मान मिळतो. माहितीच्या अधिकारातील अर्ज, बिंदुनामावलीची तपासणी किंवा न्यायालयातील तारखा यांचे छायाचित्र निघत नाही.

3. जालना : संख्येचा आणि अंतराचा प्रश्न

1 मे 1981 रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातून स्वतंत्र झालेल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 19.59 लाख होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे पावणेसहा लाख व्यक्तींना दृष्टिविषयक अपंगत्व असल्याची नोंद झाली. राज्याचे सरासरी प्रमाण लावल्यास जालना जिल्ह्यात अशा सुमारे दहा हजार व्यक्ती असाव्यात. हा केवळ हिशेबाने काढलेला अंदाज आहे. परंतु संघटनेच्या सभासद नोंदवहीशी ताडून पाहण्यासाठी तो पुरेसा आहे.

संख्येचा प्रश्न व्याख्येशीही निगडित आहे. देशात 2001 च्या जनगणनेत दृष्टिविषयक अपंगत्व असलेल्या सुमारे 1.06 कोटी व्यक्ती नोंदविल्या गेल्या, तर 2011 मध्ये ही संख्या सुमारे 50 लाखांवर आली. दहा वर्षांत निम्मे अंधत्व नाहीसे झाले असे नाही. मुख्यतः विचारण्याची आणि नोंदविण्याची पद्धत बदलली. 1995 च्या कायद्यात अंधत्वाची मर्यादा 6/60 होती. 2016 च्या कायद्यात ती 3/60 झाली. या दोन मर्यादांच्या मधली व्यक्ती कागदोपत्री ‘अंध’ची ‘अल्पदृष्टी’ झाली. असा बदल होतो तेव्हा प्रत्येक तालुक्यात त्याचा अर्थ समजावून सांगणारा कार्यकर्ता असणे, हे राज्यव्यापी संघटनेचे पहिले काम ठरते.

जालना शहरात श्री गणपती नेत्रालय हे नामांकित नेत्र रुग्णालय आहे. नेत्रोपचाराच्या दृष्टीने जिल्हा अनेकांपेक्षा सुदैवी म्हणावा लागेल. मात्र नेत्रोपचार आणि अंधांचे हक्क हे दोन भिन्न विषय आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने दृष्टी परत येते त्याचा प्रश्न रुग्णालयात सुटतो. ज्याची दृष्टी परत येणार नाही त्याचा प्रश्न रुग्णालयाच्या दारात सुरू होतो. प्रमाणपत्र, काठीने चालण्याचे शिक्षण, ब्रेल किंवा संगणक, शिष्यवृत्ती आणि रोजगार ही पुढची साखळी कोणत्याही रुग्णालयाचे काम नाही. ती जोडण्याची अपेक्षा संघटनेकडूनच करता येते.

येथे अंतराचा अडसर येतो. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, ‘नॅब’च्या महाराष्ट्र शाखेचे मुख्यालय नाशिकला, मंत्रालय मुंबईत. जालन्यापासून पुणे सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. मंठा किंवा जाफ्राबाद तालुक्यातील अंध स्त्रीला वार्षिक सर्वसाधारण सभेस जायचे तर सोबतीसह दोन दिवस, दोघांचे भाडे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी असा खर्च येतो. त्यातच घनसावंगी, अंबड, मंठा या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात ती उन्हाळ्यातच परततात. या काळात भरणारी शिबिरे त्यांच्या वाट्याला येत नाहीत. शहरात राहणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी आखलेल्या वार्षिक कार्यक्रमात या गोष्टींचा विचार झाला नाही, तर घटनेत ‘सर्व जिल्हे’ असे लिहून काहीही साध्य होत नाही.

4. न्यायनिर्णय आणि बिंदुनामावली

अंधांच्या संघटनेने काय साध्य करता येते याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘भारत सरकार विरुद्ध नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ हा खटला. 1995 च्या कायद्याने शासकीय सेवेत तीन टक्के आरक्षण दिले. त्यातील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी होता. हे प्रमाण केवळ निश्चित केलेल्या पदांवर मोजायचे की संवर्गातील एकूण रिक्त पदांवर, हा वाद होता. 8 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते एकूण रिक्त पदांवर मोजले पाहिजे असा निर्णय दिला. कोणत्याही सेवाकार्यातून इतक्या व्यक्तींना रोजगाराची वाट मोकळी झाली नसती.

परंतु निर्णय दिल्लीत झाला, तरी पदे भरली जातात ती जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत आणि महाविद्यालयांत. 2016 च्या कायद्याने आरक्षण चार टक्के केले आणि अंध व अल्पदृष्टी व्यक्तींचा एक टक्का कायम ठेवला. या कायद्यातील ‘शासकीय आस्थापना’ या संज्ञेत शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात; म्हणजे अनुदानित महाविद्यालयाची बिंदुनामावली या तरतुदीबाहेर नाही. ती नामावली मागवून वाचणारा जिल्हा प्रतिनिधी संघटनेकडे नसेल, तर न्यायनिर्णय अहवालाच्या पानावर राहतो. याच कायद्याने जिल्हास्तरीय समिती, प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी आणि जिल्ह्यात विशेष न्यायालय यांची तरतूद केली आहे. म्हणजे कायद्याने जिल्हा हेच अंमलबजावणीचे केंद्र मानले आहे. संघटनांची रचना मात्र अजून राजधानीकेंद्री आहे.

5. निधी आणि अंतर्गत लोकशाही

ही विसंगती केवळ वृत्तीतून आलेली नाही. तिला आर्थिक कारणे आहेत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी 2013 च्या कायद्यानंतर वाढला, पण तो मोजता येणाऱ्या वस्तूंकडे वळतो. किती काठ्या, किती संगणक, किती शस्त्रक्रिया हे सांगता येते. ‘एका कार्यालयाने नियम पाळायला सुरुवात केली’ हे तक्त्यात बसत नाही. विदेशी अंशदान कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. परिणामी राज्य संघटनेला स्वतंत्रपणे नोंदविलेल्या जिल्हा संस्थेस असा निधी देता येत नाही, आणि पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार प्रशासकीय खर्चात धरला गेला तर तोच आधी कापला जातो.

म्हणूनच सभासद वर्गणीचे महत्त्व आहे. रक्कम अल्प असली तरी वर्गणी देणारा सभासद हिशेब विचारू शकतो; काठी घेणारा लाभार्थी सहसा विचारत नाही. मात्र हिशेब विचारण्यासाठी तो वाचता आला पाहिजे. सभेची सूचना, इतिवृत्त आणि ताळेबंद ब्रेल, ध्वनिमुद्रण किंवा युनिकोडमध्ये मिळत नसतील, तर अंध सभासदाचे मत डोळस चिटणीसाच्या वाचनावर अवलंबून राहते. अंधांची म्हणविणारी संघटनाही या अर्थाने अंधांसाठीचीच होऊन बसते.

6. महाविद्यालयांचा संबंध

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांपासून दूरचा नाही. केंद्र शासनाच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांनी परीक्षेत लेखनिक निवडण्याची मुभा आणि ताशी किमान वीस मिनिटे जादा वेळ मान्य केला. उच्च शिक्षण संस्थांत 2016 च्या कायद्याने पाच टक्के जागा राखीव ठेवल्या. 2012 मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन पुस्तकांचे सुगम्य रूपांतर कायदेशीर झाले आणि 2014 मध्ये मराकेश कराराला अनुसमर्थन देणारा भारत पहिला देश ठरला. तरीही मराठी संदर्भग्रंथ, नोट्स आणि नियतकालिके जुन्या, युनिकोडेतर टंकांत किंवा स्कॅन केलेल्या प्रतींच्या रूपात फिरत राहतात. पडदावाचक प्रणालीला त्यांतून अर्थपूर्ण मजकूर मिळत नाही. दिव्यांगांविषयीचा शोधनिबंधसुद्धा अंध संशोधकाला वाचता येऊ नये, ही स्थिती संघटनेच्या मोर्चाने नव्हे, तर संपादक मंडळाच्या एका निर्णयाने बदलू शकते.

निष्कर्ष

1. ‘साठी’ आणि ‘ची’ हा भेद संस्थेच्या नावावरून नव्हे, तर निर्णयप्रक्रियेवरून ठरविला पाहिजे.

2. सेवाकार्य आवश्यक आहे. परंतु शासनाने करावयाचे काम संस्था कायम स्वतःकडे घेते, तेव्हा ती नकळत शासनाला जबाबदारीतून मोकळे करते.

3. राज्यव्यापी संघटनेचे मूल्यमापन शाखांच्या संख्येवर न करता पुढील कसोट्यांवर व्हावे : जिल्हास्तरीय समितीत अंध सभासद आहे काय, किती आस्थापनांच्या बिंदुनामावल्या तपासल्या गेल्या, किती तक्रारी अंतिम आदेशापर्यंत नेल्या गेल्या आणि कार्यकारिणीत ग्रामीण भागातील अंध स्त्रिया किती आहेत.

4. सर्वसाधारण सभा आळीपाळीने जिल्ह्यांत घेणे, दूरध्वनीद्वारे सहभागाची सोय करणे आणि सर्व कागदपत्रे सुगम्य रूपात देणे, या गोष्टी फार खर्चिक नाहीत. त्या न होण्याचे कारण निधीपेक्षा सवयीत अधिक आहे.

डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. शासनाची रचना बदलली. आता संघटनांनी आपली रचना तपासण्याची वेळ आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यातील अंध तरुण शिधावाटपाच्या रांगेप्रमाणे संघटनेच्या दारात उभा राहतो, की सभासद म्हणून तिच्या सभेत प्रश्न विचारतो, यावर त्या रचनेचे यशापयश अवलंबून राहील.