मोटारीचा बिघाड आणि प्रवासवर्णन

प्रवासवर्णनाचें परीक्षण करतांना आपण लेखकाची सौंदर्यदृष्टि पाहतों, त्याची भाषा पाहतों, परक्या समाजाविषयींची त्याची सहानुभूति किती खोल आहे याचा अंदाज घेतों. त्याचें वाहन मोडलें तेव्हां तो काय लिहितो, हें मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. आगगाडीच्या किंवा आगबोटीच्या प्रवासांत तें न पाहिल्यानें फारसें अडतही नसेल. परंतु रस्ता नसलेल्या मुलखांतून मोटार हांकीत नेणाऱ्यांचीं जीं वर्णनें १९०७ पासून पुढें युरोपीय भाषांत लिहिलीं गेलीं, त्यांना ही कसोटी लावल्यावांचून त्यांची प्रतवारी नीट लागत नाहीं, असें माझें मत आहे.

चालत्या मोटारींतून प्रदेश दिसतो तो पडद्यावरच्या चित्रासारखा. डोंगर येतो, मागें पडतो. गांव येतें, मुलें धांवत येतात, धुळींत नाहींशीं होतात. लेखकाला पाहण्याचा आनंद मिळतो, पण ज्यांना तो पाहतो त्यांच्याशीं त्याला कांहीं कर्तव्य नसतें. आंस मोडली, चाक खिळखिळें झालें किंवा गाडी चिखलांत रुतली म्हणजे हा सगळा संबंध उलटा होतो. क्षणापूर्वीं जो नुसता प्रेक्षक होता तो गरजू बनतो, आणि जो नुसता देखाव्याचा भाग होता तो लोहार, सुतार किंवा बैलवाला त्या दिवसाचा धनी ठरतो. ही उलटापालट लेखकाला मानवते कीं नाहीं, हें त्याच्या पुढच्या दोन-तीन पानांवरून स्वच्छ कळतें.

हा विषय मला सुचला तो आपल्याच लोकांचें लेखन वाचून. हिमालयांतील उंच घाटांतून मोटारी नेणाऱ्यांचीं वर्णनें अलीकडे मराठींत पुष्कळ येतात. त्यांत एक वाक्य हटकून भेटतें: वाटेंत गाडी बिघडली, पण दोन तासांत दुरुस्त झाली. हें ‘झाली’ आपल्या भाषेंतलें मोठें सोयीचें क्रियापद आहे. जेवण झालें, आवराआवर झाली, गाडी दुरुस्त झाली! जेवण कोणी रांधलें हें न विचारण्याची आपली जुनी खोड घाटमाथ्यावरही सुटत नाहीं. मोडलें काय होतें, कां मोडलें, गाडीखालीं थंडींत पाठ टेकून कोण निजला होता, त्याच्या हातांत कोणतें हत्यार होतें, त्यानें किती पैसे मागितले आणि लेखकानें किती दिले, यांतलें एकही त्या वाक्यांत नाहीं. आणि लागलीच पुढच्या वाक्यांत सूर्यास्त सुरू होतो.

युरोपीय लेखक या दोषापासून मुक्त आहेत असें मात्र नव्हे. रॉबर्ट बायरन याचें ‘द रोड टु ऑक्सियाना’ (१९३७) हें पुस्तक इंग्रजींतील उत्कृष्ट प्रवासवर्णनांत गणलें जातें, आणि इराण-अफगाणिस्तानांतील मनोरे व घुमट यांवरचीं त्याचीं पानें पाहतां तें यथार्थच आहे. १९३३ सालीं त्याच्या परिचयाची एक मंडळी कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी घेऊन निघाली होती. त्या मोटारींची जी गत झाली ती त्याला विनोदाला चांगली पुरली. पण विनोदाच्या पलीकडे तो जात नाहीं. गुंबद-ए-काबूसच्या विटांपुढें तासन्‌तास उभी राहणारी त्याची नजर मोटारीचें टोपण उघडल्यावर आंत डोकावण्याचा कंटाळा करते. बिघाड हा त्याच्या दृष्टीनें जगाच्या मूर्खपणाचा आणखी एक पुरावा असतो. वाचक हंसतो, आणि काय मोडलें होतें तें विसरून जातो.

टिम स्लेसर याचें ‘फर्स्ट ओव्हरलँड’ (१९५७) हें त्याहून सरळ मनाचें पुस्तक. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील सहा तरुण १ सप्टेंबर १९५५ रोजीं दोन लँड रोव्हर गाड्या घेऊन लंडनहून निघाले व १९५६ च्या मार्चमध्यें सिंगापूरला पोंचले. अनेक उद्योगसंस्थांच्या साहाय्यानें इतकी कडेकोट तयारी झालेली होती कीं गाड्यांना हट्ट करण्यास वाव फारसा उरला नाहीं. तरी आसामांतून ब्रह्मदेशांत उतरणाऱ्या लेडो रस्त्याचीं प्रकरणें मला त्या पुस्तकांत सर्वांत चांगलीं वाटतात. महायुद्धांत बांधलेला आणि पुढच्या दहा वर्षांत रानानें परत घेतलेला तो रस्ता होता. तेथें गाडीऐवजी वाटच मोडलेली होती, आणि मोडलेल्या वस्तूपुढें लेखणीला धार येते याचें तेंही एक उदाहरण आहे.

आतां ज्या पुस्तकासाठीं हा लेख मुख्यतः लिहीत आहें त्याकडे वळतों. १९०७ च्या जानेवारींत पॅरिसच्या ‘ल मातँ’ या वृत्तपत्रानें पेकिंगहून पॅरिसपर्यंत मोटारीनें येण्याचें आव्हान प्रसिद्ध केलें. १० जून रोजीं पांच गाड्या पेकिंगहून निघाल्या. त्यांतली कोंताल ही तीनचाकी गाडी गोबीच्या वाळवंटांत इंधनावांचून पडली ती तेथेंच राहिली. १० ऑगस्टला इताला नांवाच्या इटालियन गाडींतून प्रिन्स शिपिओने बोर्गेझे सर्वांच्या आधीं पॅरिसांत शिरला. त्याच्याबरोबर दोघे होते: एत्तोरे ग्विद्झार्दी हा यंत्रज्ञ, आणि ‘कोरिएरे देल्ला सेरा’चा बातमीदार लुइजी बार्झिनी. बार्झिनीचा ग्रंथ पुढच्याच वर्षीं, १९०८ सालीं, इटालियन भाषेंत ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला.

बार्झिनी हा आपल्या काळाचा मनुष्य. युरोपच्या श्रेष्ठत्वाविषयीं त्याच्या मनांत संशयाला जागा नाहीं. पण बातमीदाराची एक चांगली संवय त्याला आहे. घडलें तें क्रमानें सांगतो. सैबेरियांत बैकल सरोवराच्या बाजूस एका जुन्या लांकडी पुलाच्या फळ्या गाडीखालीं खचल्या आणि गाडी मागच्या बाजूनें खालीं कोसळली. मागच्या बैठकीवर बार्झिनी स्वतःच होता. लोहमार्गावरचे मजूर दोर व तुळया घेऊन आले, त्यांनीं गाडी वर काढली, आणि यंत्र पुन्हां सुरू झालें. येथें दुसरा कोणी लेखक देवाचे आभार मानून पुढें गेला असता. बार्झिनी पूल कां कुजला होता तेंही सांगतो: लोहमार्ग आल्यापासून जुन्या हमरस्त्याला कोणी वाली उरला नव्हता. ज्या रेल्वेनें रस्ता मारला तिच्याच मजुरांनीं रस्त्यावरची गाडी उचलली, ही विसंगति तो उगाळीत बसत नाहीं. तपशील मांडतो आणि वाचकाला सोपवितो.

पुढें चाकाची गोष्ट आहे, आणि ती मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. इतालाचीं चाकें लांकडी आऱ्यांचीं होतीं, वर रबरी धाव. हजारों मैलांच्या उन्हानें व हिसक्यांनीं लांकूड सुकून एका चाकाचे आरे तुंब्यांत हलूं लागले. तेव्हां पर्म येथें तें चाक रात्रभर पाण्यांत ठेवलें, म्हणजे लांकूड फुगून सांधे आवळले जावे. उन्हाळ्यांत गाडीचीं चाकें नदीच्या डोहांत भिजत घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यांत नवल वाटणार नाहीं. पण ज्या इताला गाडीचें यंत्र युरोपांतल्या नव्या कसबाचा नमुना म्हणून मिरवत होतें, तिला शेवटीं बैलगाडीचाच उपाय घ्यावा लागला. तोही पुरला नाहीं. पर्मच्या पुढें चाक निकामी झालें, आणि मग एका रशियन खेड्यांतल्या सुताराकडे जावें लागलें. त्याच्यापाशीं कुऱ्हाडीशिवाय सांगण्यासारखें हत्यार नव्हतें. त्या कुऱ्हाडीनें त्यानें नवे आरे तासले, चाक पुन्हां उभें केलें, आणि गाडी चालूं लागली.

या प्रसंगांत बार्झिनीची लेखणी बदलते. वाक्यें आखूड होतात, विशेषणें गळतात, आणि लेखक अक्षरशः बघत बसतो. बघत बसण्यावांचून त्याला गत्यंतर नव्हतें हेंच त्या पानांचें भाग्य! लांकडाची निवड, घावांची लय, मोजपट्टीवांचून केलेलें माप, हें सर्व तो ज्या आदरानें नोंदवितो तो आदर प्रिन्सच्या वांट्यालाही सगळ्या ग्रंथांत क्वचितच आला आहे.

याच्या शेजारीं पेकिंगजवळच्या डोंगरांचीं प्रकरणें ठेवून पाहावीं. कालगानच्या वाटेवरचे खडकाळ घाट मोटार आपल्या बळावर चढलीच नाहीं. चिनी मजुरांनीं आणि खेंचरांनीं दोर लावून तिला वर ओढली. श्रमाच्या मोजमापानें पाहिलें तर सुताराच्या कामापेक्षां हें काम कितीतरी मोठें. तरी तेथें बार्झिनीला माणूस दिसत नाहीं, घोळका दिसतो. ओरड ऐकूं येते, शब्द ऐकूं येत नाहींत. उर्गाच्या पलीकडे दलदलींत गाडी फसली तेव्हां बैल घेऊन आलेल्या मोंगलांचेंही तेंच. हा फरक कां पडावा? एक कारण असें देतां येईल कीं घाटांतले मजूर ठरवून, मोबदला देऊन आणलेले होते, म्हणून तेथें लेखक धनीच राहिला; चाक मोडलें तेव्हां तो खरोखरच दारीं आला होता. दुसरें असें कीं बळाला चेहरा नसतो, कसबाला असतो, असा सुशिक्षितांचा सार्वत्रिक समज आहे. तिसरें कारणही आहे, आणि तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं: सुतार गोरा होता. थोर ग्रंथाचा हा डाग समीक्षकानें दाखविलाच पाहिजे. पण तो दाखवितां येतो तोही बार्झिनीनें दोन्ही प्रसंग प्रामाणिकपणें लिहून ठेवले म्हणूनच. ‘गाडी वर गेली’ एवढेंच लिहिणाऱ्यावर कोणताच आरोप शाबीत होत नाहीं.

ग्विद्झार्दीविषयीं दोन शब्द. त्याचा बाप आगगाडीचा चालक. बोर्गेझेच्या वाड्याजवळ झालेल्या अपघातांत तो मेला आणि पोरक्या मुलाला प्रिन्सनें आश्रय दिला. काम नसलें तरी हा मनुष्य गाडीखालीं उताणा पडून तिचा एकेक सांधा न्याहाळीत राही. एका यंत्राच्या मोडण्यानें पोरका झालेला मुलगा दुसऱ्या यंत्राच्या पोटाखालीं असा रात्रंदिवस पहारा करतो, या चित्रावर एखाद्या कादंबरीकारानें शंभर पानें लिहिलीं असतीं. बार्झिनीनें थोडक्यांत आटोपलें, तें बरें केलें.

राल्फ बॅग्नोल्ड याचें ‘लिबियन सँड्स’ (१९३५) हें अगदीं वेगळ्या जातीचें पुस्तक आहे. बॅग्नोल्ड हा इंग्रज सैन्यांतला अधिकारी. (त्याची बहीण एनिड बॅग्नोल्ड ही कादंबरीकार, तिचें ‘नॅशनल वेल्व्हेट’ त्याच सालचें. घरांत लेखणी होती.) इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटांत फोर्ड गाड्या घेऊन तो व त्याचे मित्र शिरले, तेथें शेंकडों मैल सुतारही नाहीं आणि लोहारही नाहीं. उलटापालट व्हावी तरी कोणाबरोबर? त्यामुळें बार्झिनीच्या ग्रंथांतली मानवी बाजू येथें शोधूंच नये. तिच्या जागीं येथें दुसरी गोष्ट आहे: प्रत्येक अडचणीचें कारण शोधल्यावांचून न हलणारें मन.

रेडिएटरचें पाणी उकळून वाफेनें उडून जातें, आणि वाळवंटांत पाणी म्हणजे आयुष्य. बॅग्नोल्डनें वाफेच्या नळीचें टोंक पायफळीवर बसविलेल्या पाण्याच्या डब्यांत सोडलें. वाफ तेथें थंड होऊन पाणी होई. डबाही उकळूं लागला कीं गाडी वाऱ्याकडे तोंड करून क्षणभर थांबवावयाची, म्हणजे रेडिएटर निवतांच डब्यांतलें पाणी आपोआप आंत ओढलें जाई. चाकें रुततात तर टायरमधली हवा कमी करावी आणि चाकांखालीं पोलादी पन्हळी घालाव्या. ह्या पन्हळी कैरोच्या जुन्या बाजारांत मिळालेल्या. मुळांत पहिल्या महायुद्धांतल्या खंदकांच्या छतासाठीं केलेल्या. होकायंत्र गाडीच्या लोखंडामुळें फसवितें तर सळईच्या सावलीवरून दिशा पाहावी. हें सगळें कोरड्या यादीसारखें लिहितां आलें असतें. बॅग्नोल्ड तें अशा ओघांत लिहितो कीं वाफेचें पाणी परत येतांना होणारा गुळगुळ आवाज ऐकून वाचकालाच हायसें वाटावें. शास्त्रीय स्पष्टीकरण आणि भावना यांचें वैर असतें असें मानणाऱ्या आमच्या टीकाकारांनीं हीं पानें अवश्य वाचावीं.

त्याचा एक दोषही सांगितला पाहिजे. त्याचे सोबती एकमेकांपासून वेगळे उमटत नाहींत. फावडें कोणाच्याही हातांत असो, तें सारखेंच चालतें. शिस्तीच्या माणसाचें हें लेखन आहे, आणि शिस्तींत स्वभाव बुजतो. पुढें १९४० सालीं याच युक्त्यांवर त्यानें वाळवंटांत लढणारी मोटारींची तुकडी उभारली. १९३५ च्या पुस्तकांत त्याची पूर्वसूचना शोधण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तेथें अजून नुसतें कुतूहल आहे. तें कुतूहल कोठें गेलें हें पाहावयाचें असेल तर १९४१ सालीं प्रसिद्ध झालेला वाळूच्या हालचालीवरचा त्याचा शास्त्रीय ग्रंथ चाळावा. त्यांत मोटारीला प्रवेश नाहीं. वाऱ्याचा वेग आहे, कणांचे आकार आहेत, टेंकड्यांच्या उतारांचीं मापें आहेत. चाक रुतल्यावर गुडघ्यांवर बसून हातांनीं उपसतांना जी वाळू त्यानें प्रथम जवळून पाहिली, तीच येथें आंकड्यांत मांडलेली आहे.