कूल जॅझचं बारसं आणि जन्म

मागच्या वेळी आपण बीबॉपपाशी थांबलो होतो. पार्कर-गिलेस्पींचं ते सुसाट, तापलेलं वादन. त्याला उतारा म्हणून कूल जॅझ आला, असं सांगतात आणि माइल्स डेव्हिसची ‘बर्थ ऑफ द कूल’ पुढे करतात. पण तारखा बघा. ध्वनिमुद्रणं १९४९-५० ची. या नावाची एलपी कॅपिटॉल कंपनीनं काढली १९५७ मध्ये. म्हणजे बारसं झालं तेव्हा मूल शाळेत जाण्याएवढं झालेलं!

आमच्या मते जन्म त्याही आधीचा आहे. १९३४ साली फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात कोलमन हॉकिन्सच्या जागी लेस्टर यंग आला. हॉकिन्सचा टेनर सॅक्सोफोन भरदार, घुमणारा. लेस्टरचा सूर हलका, कंप जवळजवळ नाहीच. सहकाऱ्यांना तो पसंत पडेना. हेंडरसनच्या पत्नीनं तर त्याला हॉकिन्सच्या रेकॉर्डी ऐकवायला सुरुवात केली, असं वाजव म्हणून. त्यानं काही ते ऐकलं नाही. थोड्याच महिन्यांत तो बाहेर पडला.

हा हलका सूर कुठून आला? लेस्टर स्वतः फ्रँकी ट्रम्बाउअरचं नाव घ्यायचा. ट्रम्बाउअर गोरा, सी-मेलडी सॅक्सोफोन वाजवणारा. बिक्स बायडरबेकबरोबरचं त्याचं ‘सिंगिन द ब्लूज’ १९२७ चं. आणि लेस्टर मिसिसिपीत जन्मलेला कृष्णवर्णीय. पुढे पन्नाशीच्या दशकात कूल म्हणजे कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या वादकांचं संगीत, असा समज पसरला. त्यातल्या कितीतरी सॅक्सोफोनवादकांनी लेस्टरचाच सूर उचलला होता, हे त्या समजात कुठे बसतच नाही. आमची तक्रार आहे ती इथे.

डेव्हिसच्या नऊ जणांचं श्रेय काढून घ्यायचं नाही, हं. क्लॉड थॉर्नहिलच्या वाद्यवृंदातला फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा घेऊन गिल इव्हान्स, जेरी मलिगन वगैरेंनी रंग नवे मिसळले. ‘मून ड्रीम्स’चा शेवट ऐका: सूर जागच्या जागी विरघळत जातात. पण हा रचनेचा थंडावा. एकट्या वादकाच्या श्वासातला थंडावा त्याच्या तेरा-चौदा वर्षं आधीच रेकॉर्डवर आला होता.

तेच आता लावतो. १९३६ चं ‘लेडी बी गुड’. सुरुवातीला काउंट बेसीचा पियानो आहे, मग लेस्टर. ताल पुढे चाललेला असतो आणि हा गडी अजिबात घाई करत नाही. ऐका.