गच्ची कोणाची? : चाळीचे साहित्य आणि भाडेकरूचा हक्क

मराठी समीक्षेने मुंबईच्या चाळीकडे प्रामुख्याने समूहजीवनाचे प्रतीक म्हणून पाहिले आहे. शेजारधर्म, सण, भांडणे या आशयसूत्रांची तिने नोंद घेतली. परंतु हे जीवन ज्या जागेत घडते तिच्यावर रहिवाशांचा हक्क कोणता, हा प्रश्न बहुधा तिच्या कक्षेबाहेरच राहिला. भाडेपावती खोलीपुरती असते. गॅलरी, जिना, नळ, गच्ची यांवर चालते ती वहिवाट. आणि चाळीचे साहित्य बव्हंशी या वहिवाटीच्या अवकाशातच घडते.

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधील 'गच्चीसह... झालीच पाहिजे' हे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवे. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे ते विडंबन आहे, हे उघड आहे. क्षुल्लक मागणीस चळवळीची भाषा लाभल्याने विनोद निर्माण होतो, हे स्पष्टीकरण मात्र अपुरे ठरते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले आणि ठरावीक कारणांखेरीज भाडेकरूस निष्कासित करण्यास मनाई केली. खोली सुरक्षित होती म्हणूनच भांडण गच्चीपर्यंत पोहोचले आणि हसण्याजोगे राहिले.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात हा पायाच ढासळलेला दिसतो. १९८२ च्या गिरणी संपाने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबाची खोली हाच येथील रंगावकाश आहे. डोक्यावर छप्पर आहे, पण ते पेलणारी मजुरी नाही. मालकाविरुद्धचा संघर्ष मग घरातच वळतो.

कायद्याने भाडेकरूस समूह म्हणूनही ओळखले. म्हाडा कायद्यात १९८६ साली आलेल्या आठ-अ प्रकरणाने, उपकरप्राप्त इमारतीतील सत्तर टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेसाठी मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदल्यात इमारत संपादित करण्याची तरतूद केली. त्यावरील वादातून उद्भवलेल्या घटनात्मक प्रश्नावर २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने बहुमताने निर्णय दिला, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. 'गच्ची कोणाची' हा विनोदी साहित्यातील प्रश्न अशा रीतीने घटनापीठापर्यंत गेला होता.

पुनर्विकासात भाडेकरूचा हक्क चटईक्षेत्राच्या चौरस फुटांत मोजला जातो. वहिवाटीच्या गॅलरीस त्या मापात स्थान नाही. तिची नोंद उरते ती साहित्यकृतीत. ती नोंद केवळ स्मरणरंजन म्हणून वाचणारी समीक्षा रहिवाशांचा एक दावाच नकळत निकालात काढते.