तारण आणि गहाण : 'रिडीमिंग लव्ह'मधील दोन जखमी माणसे

अमेरिकन लोकप्रिय वाङ्मयात ख्रिस्ती ऐतिहासिक वेस्टर्न प्रणयकादंबरी हा एक मोठा, पण विद्यापीठीय समीक्षेने बराच काळ दुर्लक्षिलेला प्रकार आहे. जेनेट ओक यांच्या 'लव्ह कम्स सॉफ्टली' (१९७९) या कादंबरीपासून त्याला आजचे रूप आले, असे सामान्यतः मानले जाते. आकृतिबंध ठरलेला : सरहद्दीवरची विरळ वस्ती, काहीतरी गमावलेली एक स्त्री, काहीतरी गमावलेला एक पुरुष, परिस्थितीने लादलेला विवाह आणि त्या विवाहातून हळूहळू उगवणारे प्रेम. हे प्रेम उगवत असताना ईश्वरावरील विश्वासही उगवत असतो. किंबहुना एक दुसऱ्यावाचून उगवत नाही, ही या प्रकाराची मूळ अट आहे.

जेन टॉम्पकिन्स यांनी 'वेस्ट ऑफ एव्हरीथिंग' (१९९२) या ग्रंथात वेस्टर्न या प्रकाराविषयी एक मार्मिक प्रमेय मांडले. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन स्त्रियांच्या घरगुती, धर्मप्रवण कादंबरीला दिलेले पुरुषी उत्तर म्हणजे वेस्टर्न, असे त्यांचे म्हणणे. घर, प्रार्थना, अश्रू आणि संभाषण यांना हद्दपार करून वेस्टर्नने घोडा, बंदूक, उजाड माळरान आणि अबोल नायक उभा केला. हे प्रमेय स्वीकारले तर ख्रिस्ती वेस्टर्न प्रणयकादंबरी म्हणजे त्या हद्दपार कादंबरीचे त्याच माळरानावर झालेले पुनरागमन ठरते. नायकाच्या हाती नांगर येतो, त्याच्या तोंडी प्रार्थना येते. तो बोलू लागतो. कधीकधी जरा जास्तच बोलतो.

या प्रकारातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांपैकी एक म्हणजे फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह'. रिव्हर्स आधी बाजारातल्या नेहमीच्या प्रणयकादंबऱ्या लिहीत. १९८६ मधील धार्मिक परिवर्तनानंतर त्यांनी लिहिलेली ही पहिली कादंबरी १९९१ साली एका सर्वसाधारण प्रकाशनाने काढली; सुधारून घेतलेली आवृत्ती १९९७ साली ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेकडून आली आणि आज बहुतेक वाचकांना ती तीच माहीत आहे. जुन्या करारातील होशेय संदेष्ट्याची कथा येथे १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या धावपळीत आणून ठेवली आहे. गोमरच्या जागी एंजल ही वेश्या, होशेयच्या जागी मायकेल होझिया हा शेतकरी.

मूळ शीर्षकातील क्रियापदाचा अर्थ 'मोल देऊन परत मिळवणे' असा आहे. मराठीत हा अर्थ उलगडायला आपल्याला एक विलक्षण शब्द हाताशी आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत आत्म्याच्या सुटकेला 'तारण' म्हणतात. आणि सावकाराकडे कर्जापोटी ठेवलेल्या दागिन्यालाही मराठी माणूस 'तारण'च म्हणतो. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. 'रिडीमिंग लव्ह' वाचताना मात्र हे दुहेरीपण सतत आठवते. या कादंबरीत तारणाची कथा गहाणाच्या भाषेत सांगितली आहे. दोन जखमी माणसांमधील प्रेम या हिशेबातून केव्हा आणि कसे बाहेर पडते, किंवा पडते की नाही, हाच तिच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

एंजलचे आयुष्य हा व्यवहारांचा क्रम आहे. ती एका विवाहित श्रीमंत पुरुषाच्या ठेवलेल्या बाईची मुलगी. बापाला ती नकोशी. आई मेल्यानंतर आठव्या वर्षी ती ड्यूक नावाच्या माणसाच्या हाती विकली जाते. पुढे कॅलिफोर्नियात 'पेअर-अ-डाइस' या गावी तिच्या वेळेसाठी खाणकामगारांत सोडत निघते. गावाच्या नावात फाशांची जोडी आहे आणि उच्चारात स्वर्गही. लेखिकेची ही कोटी ढोबळ असली तरी चपखल आहे. मायकेलसुद्धा पहिल्यांदा तिच्याकडे येतो तो सोने मोजूनच. अर्धा तास विकत घ्यायचा, तो बोलण्यात घालवायचा, आणि पुन्हा यायचे. तिला हा माणूस कळत नाही, कारण त्याने माल विकत घेऊन तो नेलेला नाही. व्यवहाराच्या चौकटीत राहूनच तो व्यवहार निष्फळ करतो. कादंबरीचा हा भाग मला अतिशय जमलेला वाटतो.

पुढे मात्र अडचण सुरू होते. मॅगोवनच्या मारहाणीनंतर एंजल अर्धवट शुद्धीत असताना मायकेल तिला लग्नाबद्दल विचारतो. तिचे उत्तर 'का नाही' अशा अर्थाचे आहे. ते संमतीपेक्षा थकव्याच्या अधिक जवळचे आहे. शुद्धीवर येते तेव्हा ती शेतावर, पत्नी म्हणून. होशेयच्या कथेतही असेच घडते. तिसऱ्या अध्यायात संदेष्टा आपल्या पत्नीला पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमर सातू देऊन विकत घेतो. गोमरला काय वाटले याची नोंद तेथे नाही. रेनिटा वीम्स यांनी 'बॅटर्ड लव्ह' (१९९५) मध्ये संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील या विवाहरूपकावर बोट ठेवले आहे. ईश्वराच्या जागी पती आणि पापी जनतेच्या जागी पत्नी बसवली की पतीच्या सत्तेला दैवी अधिष्ठान आपोआप लाभते. रिव्हर्स यांनी मायकेलला सौम्य, सोशिक केले आहे. पण रूपकाची रचना बदललेली नाही. देवाचा आवाज बहुतांशी मायकेलच्या कानात बोलतो. ज्याच्या बाजूने देव बोलतो त्याच्याशी बरोबरीचा वाद घालणे कोणत्या स्त्रीला शक्य आहे?

मग मायकेल जखमी आहे तो कोठे? तो दक्षिणेतील गुलाम बाळगणाऱ्या मळ्यावर वाढला आहे. बापाशी त्याचे नाते तुटले आहे. श्रद्धेची ओळख त्याला एका गुलामाकडून झाली आहे. पश्चिमेकडे येताना त्याची बहीण टेसी वाटेतच मेली. हे सारे कादंबरीत आहे, पण व्रणासारखे, भरून आलेले. एंजलची जखम उघडी आणि मायकेलची भरलेली, अशी ही विषम जोडी आहे. तुलनेसाठी ओक यांची मार्टी आणि क्लार्क पाहावीत. मार्टीचा नवरा वाटेत मरतो. क्लार्कची बायको आधीच गेलेली. नवऱ्याच्या दफनाच्या दिवशीच क्लार्क तिला सांगतो : माझ्या मुलीला हिवाळाभर आई दे, वसंतात परतायचे असेल तर गाड्यांच्या तांड्याबरोबर जाण्याचा खर्च मी देईन. हाही करारच आहे. परंतु तो उघड आहे, दोघांच्या गरजेवर उभा आहे आणि त्यात परतीची वाट राखलेली आहे. वाङ्मयीन बळ ओक यांच्याकडे कमी, पण समता अधिक आहे.

'रिडीमिंग लव्ह'मध्ये उघडी जखम असलेला पुरुष मायकेल नसून त्याचा मेहुणा, टेसीचा नवरा पॉल, हा आहे. सोन्याच्या शोधात हरलेला, बायकोच्या मृत्यूने कडवट झालेला पॉल एंजलचा तिरस्कार करतो. ती शेत सोडून निघते तेव्हा गाडीतून गावापर्यंत नेण्याचे भाडे तो तिच्या शरीराने वसूल करतो. माझ्या मते संपूर्ण कादंबरीतील हा सर्वांत सत्य प्रसंग आहे. गहाणाचा हिशेब येथे कोणत्याही रूपकाच्या आडोशाशिवाय दिसतो, आणि तो करणारा माणूस खलनायक नसून नातेवाईक आहे. पुढे पॉलच सॅन फ्रान्सिस्कोत तिला शोधत येतो आणि क्षमा मागतो. दोन जखमी माणसे समोरासमोर उभी राहून बोलतात ती येथे. नायक-नायिकेच्या प्रसंगांत नव्हे.

सॅन फ्रान्सिस्कोचा हा भाग कादंबरीचा गाभा आहे, असे मला वाटते. आपल्याला मूल होणार नाही हे एंजलला ठाऊक आहे. ड्यूकने तिला लहानपणीच तशी करून ठेवली आहे. मायकेलला संसार मिळावा म्हणून ती त्याला सोडून जाते. ड्यूकच्या तावडीत पुन्हा सापडून सुटल्यावर ती अ‍ॅक्सल या बँकरच्या मदतीने वेश्यांसाठी आश्रयगृह उभे करते. तीन वर्षे ती पतीपासून दूर आहे, आणि मायकेल तिला आणायला येत नाही. आधीच्या प्रत्येक वेळी तो आला होता. या न येण्यातच रूपक प्रथमच स्वतःला दुरुस्त करते. तारण मध्यस्थाशिवाय, पतीच्या हाताशिवाय घडू शकते, हे कादंबरी तीन वर्षांपुरते मान्य करते.

मराठी वाचकाला या ठिकाणी पंडिता रमाबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८८६ साली अमेरिकेत गेलेल्या रमाबाई परतताना सॅन फ्रान्सिस्कोत होत्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी शोषित स्त्रियांसाठी 'कृपासदन' चालवले. तेथे स्त्रीच्या नव्या आयुष्याचे माप पती नव्हता. शिक्षण, श्रम आणि स्त्रियांचा सहवास हे होते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) मात्र याच्या उलट टोकाला आहे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गौरवली जाणारी ही कृतीही ख्रिस्ती आहे आणि तिचीही नायिका जखमी आहे. विधवा यमुना धर्मांतरानंतर पुनर्विवाह करते. पण तिथली जखम रूढीने केलेली आहे. केशवपन, बालविवाह, सक्तीचे वैधव्य यांचे पंचनामे भरलेली ती कादंबरी समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. रिव्हर्स यांच्याकडे आरोपी ड्यूक आहे, मॅगोवन आहे, बाप आहे, समाज नाही. जखम व्यक्तीची, दोषी व्यक्ती, आणि औषधही एक व्यक्ती.

समाज वगळल्याने काय हरवते हे काळाकडे पाहिले की दिसते. जानेवारी १८४८ मध्ये सटरच्या गिरणीजवळ सोने सापडले आणि काही वर्षांत तीन लाखांच्या घरात माणसे कॅलिफोर्नियात आली. १८५० च्या जनगणनेत स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते, हे एंजलच्या सोडतीमागचे अर्थशास्त्र. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जो कायदा केला त्यामुळे मूळ रहिवाशांच्या मुलांना गोऱ्यांच्या घरी बांधील मजुरीवर ठेवता येऊ लागले. या मूळ रहिवाशांची लोकसंख्या १८४६ च्या सुमारास दीड लाख होती, ती पुढील पंचवीस वर्षांत तीस हजारांच्या आसपास आली. ज्या साली आणि ज्या भूमीवर माणसांची खरेदी कायद्याने चालू होती, तेथेच रिव्हर्स यांनी मोल देऊन सोडवण्याची कथा रचली आहे. पण मायकेलच्या शेताच्या कुंपणापलीकडे ती पाहत नाही. मळ्यावरील गुलामगिरी सोडून आलेल्या नायकाला नव्या भूमीतली गुलामगिरी दिसू नये, ही उणीव मला केवळ ऐतिहासिक तपशिलाची वाटत नाही. विषयाच्या मुळाशीच ती जाऊन भिडते.

तरीही कादंबरी नुसत्या आरोपपत्राने संपत नाही, आणि तिच्या लक्षावधी वाचक भोळ्या आहेत असे मानणेही बरे नव्हे. लिन नील यांनी 'रोमान्सिंग गॉड' (२००६) मध्ये अशा वाचकांशी बोलून दाखवले आहे की त्या या कादंबऱ्यांतून स्वतःच्या श्रद्धाजीवनासाठी काहीतरी जाणीवपूर्वक उचलतात. काय उचलतात याचा माग नावांच्या क्रमातून लागतो. ड्यूकने दिलेले नाव एंजल. मायकेल तिला आधी मारा म्हणतो, मग अमांडा, मग तिर्सा. कटुतेपासून प्रियतेपर्यंतची नावे. प्रत्येक नाव प्रेमाने दिलेले, तरी दिलेलेच. तिचे मूळ नाव त्याला ठाऊक नाही, कारण ते तिने कोणालाही विकलेले नाही. सारे काही गहाण पडलेल्या या बाईजवळ एवढी एकच वस्तू राहिली आहे.

शेवटी ती स्वतःहून शेतावर परतते. अंगावरचे एकेक वस्त्र टाकत चालते, त्याच्या पायाशी बसते, तिचे अश्रू त्याच्या बुटांवर पडतात आणि ते ती केसांनी पुसते. लूकच्या शुभवर्तमानातील पापी स्त्री येथे उघड आहे. आणि त्या प्रसंगात ज्याच्या पायाशी ती बसली होती तो कोण होता, हे वाचकाला आठवते. रूपकाने पुन्हा आपली जागा घेतली, असे वाटते. पण लगेच ती त्याला आपले नाव सांगते : सारा. हे नाव त्याने दिलेले नाही, मागितलेलेही नाही. गुडघे टेकणे आणि नाव सांगणे या दोन कृती एकाच दृश्यात आहेत, आणि कोणती खरी हे लेखिका ठरवत नाही. उपसंहारात तिला मुले होतात, उत्पत्तीच्या ग्रंथातील वांझ सारेप्रमाणे. तेवढे नसते तर मला अधिक आवडले असते; तीन वर्षांच्या त्या आश्रयगृहाला फळ धरायला मुलांची गरज पडलेली नव्हती.