श्रमवस्त्रांचे आकर्षण : एक चिकित्सा

जाडेभरडे, मजबूत कापड हा श्रमिकाच्या दृष्टीने सौंदर्याचा नव्हे, काटकसरीचा विषय होता. अमेरिकेतील रीनो येथील शिंपी जेकब डेव्हिस याने कष्टकऱ्यांच्या विजारींचे खिसे उसवू नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिव्हेट ठोकल्या. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्यासमवेत २० मे १८७३ रोजी त्याला या युक्तीचे एकस्व मिळाले. या इतिहासाला मुंबईचाही धागा आहे. इंग्रजीतील 'डंगरी' हा शब्द 'डुंगरी' या भरड सुती कापडाच्या नावावरून आला असून ते नाव डोंगरी या वस्तीशी जोडले जाते.

हाच पोशाख आज कुदळ कधीही न उचललेला वर्ग हौसेने वापरतो. साधेपणाची ओढ हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण अपुरे वाटते. साधेपणा पांढऱ्या सदऱ्यातही आहे. खरे आकर्षण झिजेचे आहे. डेनिममधील उभे धागे निळीत रंगवलेले, तर आडवे पांढरे असतात. नीळ धाग्याच्या पृष्ठभागावरच राहते, गाभा पांढराच राहतो. त्यामुळे गुडघा जेथे वाकतो, मांडी जेथे घासते, तेथे रंग विरतो आणि वापरणाऱ्याच्या हालचालींची नोंद कापडावर उमटते. अन्य वस्त्र विटले की टाकाऊ ठरते. हे मात्र विटून मोलाचे होते.

परंतु ही झीज अंगावर येण्यास वर्षे लागतात, आणि बाजाराला तेवढा धीर नसतो. म्हणून नव्या कोऱ्या विजारी कारखान्यातच विटवल्या जाऊ लागल्या. तुर्कस्तानात त्यासाठी दाबाखालील हवेने कापडावर वाळूचा मारा केला जाई. तेथील कित्येक तरुण कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ साचून त्यांना सिलिकोसिस हा असाध्य रोग जडला, काही दगावले. श्रमाची खूण विकत घेणाऱ्यासाठी प्रत्यक्ष श्रमिकाने मोजलेली ही किंमत फॅशनविषयक लेखनात क्वचितच आढळते. तेथे 'अस्सलपणा' हाच शब्द अधिक प्रिय आहे!

कोरे डेनिम घेऊन स्वतःच्या वापराने ते विटवणारे ग्राहकही आहेत. त्यांची हौस अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. तथापि बहुसंख्यांना झीज तयारच हवी असते. तुर्कस्तानने २००९ मध्ये वाळूच्या माऱ्यावर बंदी घातली. विटक्या रंगाची मागणी मात्र टिकून राहिली आणि ते काम लेसर किरण, पोटॅशियम परमँगनेटचा फवारा व हातातील काचकागद यांच्याकडे गेले.