राउटरवरील त्रुटींची मोजणी : इंटरफेस एमआयबीची एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणक नेटवर्कच्या व्यवस्थापनात एसएनएमपी या प्रोटोकॉलला मध्यवर्ती स्थान आहे. १९८८ मध्ये आरएफसी १०६७ या दस्तऐवजाने तो मांडला गेला आणि १९९० च्या आरएफसी ११५७ ने त्याला स्थिर रूप मिळाले. राउटरच्या कोणत्या इंटरफेसवर किती सदोष पॅकेट आली, हे दूरच्या संगणकावरून विचारण्याची सोय त्यामुळे झाली. मात्र 'सदोष' म्हणजे काय, हे एसएनएमपी सांगत नाही. ती व्याख्या एमआयबी या स्वतंत्र दस्तऐवजात असते. इंटरफेसच्या संदर्भात हे काम कीथ मॅक्लॉग्री आणि फ्रँक कास्टेनहोल्झ यांनी सिद्ध केलेला जून २००० मधील आरएफसी २८६३ करतो. त्यातील त्रुटींचा आकडा हे निदान नसून एका टोकाने दिलेली साक्ष आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

व्याख्येचे सामर्थ्य आणि उणीव

या दस्तऐवजाचे मोठे श्रेय एका भेदाला द्यावे लागेल. दोष असल्यामुळे वरच्या स्तराकडे पोहोचविता न आलेली पॅकेट 'इफ-इन-एरर्स' या काउंटरमध्ये मोजली जातात. कोणताही दोष आढळला नसताना, उदाहरणार्थ बफरमधील जागा मोकळी करण्यासाठी, टाकून दिलेली पॅकेट 'इफ-इन-डिस्कार्ड्स' मध्ये जातात. पहिला आकडा केबल, कनेक्टर किंवा पोर्टकडे बोट दाखवितो. दुसरा बहुधा साधनांच्या अपुरेपणाकडे. हा भेद न पाळल्यास गर्दीच्या दोषासाठी केबल बदलली जाते आणि केबलच्या दोषासाठी नवा राउटर विकत घेतला जातो.

उणीव अशी की, पहिला काउंटर अनेक कारणांची बेरीज आहे. सप्टेंबर २००३ च्या आरएफसी ३६३५ नुसार इथरनेटवर त्यात अलाइनमेंट, एफसीएस, अतिलांब फ्रेम, अंतर्गत स्वीकार-दोष आणि सिम्बॉल अशा पाच प्रकारच्या त्रुटी एकत्र येतात. हे प्रकार वेगळे पाहिल्याशिवाय कारण हाती लागत नाही. ड्युप्लेक्स-विसंगती हे त्याचे परिचित उदाहरण होय. दुव्याचे एक टोक फुल ड्युप्लेक्स आणि दुसरे हाफ ड्युप्लेक्स असल्यास पहिल्या टोकावर एफसीएस त्रुटी वाढतात, तर दुसऱ्या टोकावर उशिराच्या टकरी, म्हणजे लेट कोलिजन, दिसतात. केबल निर्दोष असते. दोष मांडणीत असतो.

आकडा वाचण्यातील गफलती

काउंटर हा संचयी असतो. एखाद्या इंटरफेसवर ५,००० त्रुटी आहेत, या विधानाला स्वतंत्र अर्थ नाही. त्या एका रात्रीत झाल्या की वर्षभरात, हे दोन वाचनांतील फरकावरूनच कळते. राउटर पुन्हा सुरू झाल्यास आकडा शून्यावर येऊ शकतो. तेव्हा नवे वाचन जुन्यापेक्षा लहान निघते आणि ३२ बिटांचा काउंटर भरून पुन्हा सुरू झाला, असे समजणारे सॉफ्टवेअर आलेखावर प्रचंड उसळी काढते. हे टाळण्यासाठी आरएफसी २८६३ ने 'इफ-काउंटर-डिसकंटिन्युइटी-टाइम' ही नोंद ठेवली आहे. ती न वाचणाऱ्या व्यवस्थेचे आलेख विश्वासार्ह मानता येत नाहीत.

दुसरी गफलत प्रमाणाची आहे. त्रुटींची संख्या एकूण आलेल्या पॅकेटच्या तुलनेत पाहावी लागते. आणि वरच्या स्तराकडे पोहोचलेल्या पॅकेटच्या काउंटरमध्ये सदोष पॅकेट धरलेली नसल्याने ती छेदात वेगळी मिळवावी लागतात. तिसरी गफलत सरासरीची. दर ५ मिनिटांनी वाचन घेतल्यास काही सेकंदांचा तीव्र बिघाड त्या कालावधीत विरघळून जातो. वापरकर्त्याची तक्रार खरी असते, तरीही आलेख तिला दुजोरा देत नाही.

शून्याचा अर्थ

सर्वांत गंभीर प्रश्न शून्याचा आहे. येणारी त्रुटी स्वीकारणाऱ्या टोकावर मोजली जाते. बिघडलेल्या केबलमधून पाठविणाऱ्या इंटरफेसचा आकडा निष्कलंक राहू शकतो. इंटरनेट जोडणीचे दूरचे टोक सेवा पुरवठादाराकडे असते. त्यामुळे ग्राहकसंस्थेने आपल्या राउटरवरील शून्य पुरावा म्हणून मांडले, तरी ते अर्धेच ठरते. याउलट, कट-थ्रू पद्धतीचा स्विच संपूर्ण फ्रेम तपासण्यापूर्वीच ती पुढे पाठवू लागतो; परिणामी दोष एका दुव्यावर आणि त्याची नोंद पुढच्या दुव्यावरही, असे घडते. नोंद जेथे दिसते तेथेच दोष असेल, असे गृहीत धरता येत नाही.

काही बिघाड तर कोणत्याच टोकावर मोजले जात नाहीत. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांच्या २००० मधील अभ्यासात दर १,१०० ते ३२,००० पॅकेटमागे एक पॅकेट टीसीपी चेकसमच्या तपासणीत नापास होत असल्याचे आढळले, आणि तेही सीआरसीची तपासणी असलेल्या दुव्यांवर. सीआरसी केवळ दुव्यावरील प्रवासाचे रक्षण करतो. राउटरच्या किंवा संगणकाच्या आत बिघडलेल्या पॅकेटला पुढच्या दुव्यावर नवा, अचूक सीआरसी मिळतो. म्हणून शून्याचा अर्थ 'दोष नाही' असा नसून 'या जागी, या कसोटीला दोष दिसला नाही' एवढाच होतो.

निष्कर्ष

आरएफसी २८६३ ने मोजणी राउटरकडे आणि अर्थनिर्णय व्यवस्थापकाकडे सोपविला आहे. ही विभागणी योग्य आहे. राउटरला दुव्याच्या पलीकडचे दिसत नाही. दोष प्रचलित व्यवहाराचा आहे, कारण त्यात अर्थनिर्णयाचे काम आलेखाच्या रंगावर सोडले जाते. दोन्ही टोकांची वाचने, प्रकारवार विभागणी, एकूण पॅकेटशी प्रमाण आणि काउंटर खंडित झाल्याची वेळ या चार गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय केबल, यंत्र किंवा पुरवठादार यांपैकी कोणालाही दोषी ठरविणे उचित नाही. एसएनएमपी साक्षीदार पुरवितो. निवाडा मात्र जाणकार माणसालाच करावा लागतो.