आठ प्रश्न आणि न विचारलेले

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली हाती घेतलेल्या कामातून भुकेची एक प्रश्नावली तयार झाली. गेल्या बारा महिन्यांविषयी आठ प्रश्न. उत्तर 'होय' किंवा 'नाही'. एखादी साहित्यकृती वाचावी तशी मी ती वाचली. पहिला प्रश्न काळजीचा आहे: अन्न पुरणार नाही अशी चिंता वाटली काय? शेवटचा अख्खा दिवस उपाशी काढल्याचा. भूक पोटाआधी मनात सुरू होते, हे या प्रश्नावलीला कळले आहे. दांडेकर-रथ यांच्या १९७१ च्या २२५० कॅलरींच्या रेषेत ते नव्हते. एवढे श्रेय दिलेच पाहिजे.

पण प्रत्येक प्रश्नाला एक शेपूट आहे: 'पैसे किंवा इतर साधने नसल्यामुळे'. उपास-व्रते वगळण्यासाठी ते जोडले आहे, हे खरे. (व्रताचा उपास कोणाला परवडतो, तो वेगळा विषय.) परंतु त्यामुळे भुकेचे कारण विचारणाऱ्यानेच ठरवून टाकले. 'इतर साधने' या शब्दांत जात कुठे बसवायची?

सुखदेव थोरात आणि जोएल ली यांचा २००५ चा लेख पाच राज्यांतील रेशन दुकाने व शालेय आहार यांविषयी आहे. दलितांना त्याच पैशात कमी माप. काही ठिकाणी दुकानदार स्पर्श टाळून ओंजळीत वरून माल टाकतो. पाहणीवाला एवढेच विचारतो: रेशनचा लाभ घेतला काय? घेतला. तक्त्यात ते कुटुंब 'लाभार्थी' झाले! २०१३ च्या कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य हा हक्क दिला. शब्द मात्र लाभाचाच राहिला.

मी हे प्रश्न आईला १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारले. घरातले धान्य संपले होते का? ती म्हणाली, "संपाया आदी असाया लागतं, बाबा." हे कोणत्या रकान्यात लिहू? उपाशी झोपलीस का, यावर ती सरळ 'नाही' म्हणाली. ते खरे नव्हते, मला आठवते. परक्यापुढे भूक कबूल करायची नाही ही तिची रीत, आणि हातात कागद धरलेला मी तिला परका झालो होतो.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शेणातून वेचलेल्या ज्वारीची भाकरी आहे. उपाशी राहिलात काय, या प्रश्नापुढे ते घर जेवलेले ठरेल.

शेपूट राहू द्या. पण पुढे हेही विचारा: धान्य हातात कसे पडले? माप कोणी धरले होते? घरात शेवटी कोण जेवले? आणि विचारणाऱ्याने पाटलाच्या ओट्यावर नव्हे, वस्तीतल्या उंबऱ्याशी बसावे.